घरच्या घरी बियांपासून देवचाफा : बडोदेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात देवचाफा नाही असे मंदिराचे आवार किंवा जुन्या वाड्याचे अंगण शोधूनच काढावे लागेल. तरीही हे झाड बियांपासून उगवताना पाहिलेली माणसे फार थोडी आहेत, कारण आपल्याकडे चाफा लावायचा म्हणजे कोणाकडून तरी फांदी आणायची, चीक सुकू द्यायचा आणि ती मातीत खोचायची, हाच रिवाज आहे. गेली काही वर्षे मी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या अगाशीवर बियांपासून चाफ्याची रोपे करतो आहे. त्या निमित्ताने शेजारी, नातेवाईक आणि वाटेत भेटणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसह येथे दिले आहेत.

येथे चाफा म्हणजे नेमका कोणता?

हा प्रश्न आधी सोडवणे बरे, कारण मराठीत चाफ्यांचा गोतावळा मोठा आहे आणि त्यातले बरेचसे एकमेकांचे नातेवाईकही नाहीत. सोनचाफा, हिरवा चाफा आणि भुईचाफा ही सर्वस्वी निराळी झाडे आहेत. येथील माहिती देवचाफ्याची, म्हणजे ज्याला कोणी पांढरा चाफा किंवा खुरचाफा म्हणतात आणि आपले गुजराती शेजारी नुसते चंपो म्हणतात, त्याची आहे. त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया असून ते शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून पडले आहे. देवळादेवळांतून दिसत असला तरी हा मूळचा आपल्याकडचा नव्हे. तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा रहिवासी आहे. कण्हेर, तगर आणि सदाफुली ही त्याच्याच कुळातली झाडे आहेत, आणि पान तोडल्यावर येणारा पांढरा चीक हा त्यांतल्या बहुतेकांचा घराण्याचा वारसा आहे.

फांदी लावणे इतके सोपे असताना बी कशाला पेरायचे?

फक्त झाड हवे असेल, आणि तेही लवकर फुलणारे, तर फांदीच लावावी. मी स्वतः तसाच सल्ला देतो. फांदीपासून झालेले झाड हे मूळ झाडाचीच हुबेहूब प्रत असते. बियांपासून येणारे प्रत्येक झाड मात्र नवे असते. एका शेंगेतून निघालेली तीस रोपे ही एकाच आईची लेकरे असली, तरी सख्ख्या भावंडांचे नाक-डोळे जसे वेगवेगळे असतात तशीच त्यांच्या फुलांची गत असते. आई गुलाबी असेल तर काही लेकरे गुलाबी निघतील, काही पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळा गाभा घेऊन येतील, तर एखाद्याच्या पाकळीवर अशी छटा उतरेल की जी कोणत्याही नर्सरीत मिळणार नाही. म्हणून विशिष्ट नावाची जात जशीच्या तशी हवी असणाऱ्याने बियांच्या वाटेला जाऊ नये. ‘या बियांना लालच फुले येतील’ असे कोणी सांगत असेल, तर तो आपली समजूत घालतो आहे असे समजावे.

आणखी एक लाभ आहे, पण तो लगेच डोळ्यांत भरत नाही. बियांचे झाड सोटमूळ घेऊन वाढते, त्याचा बुंधा सरळ आणि खाली जाड होत जातो, आणि फांदीवर वाढलेल्या झाडाला अनेकदा येणारा तिरपेपणा त्याच्यात सहसा येत नाही.

आमच्या चाफ्याला एवढी फुले येतात, पण शेंगा कधीच धरत नाहीत. असे का?

याची दोन कारणे असू शकतात. पहिले कारण झाडाच्या जातीत आहे. टोकदार पानांचा आणि हिवाळ्यात पाने गाळणारा प्लुमेरिया रुब्रा शेंगा धरतो. गोलसर टोकाच्या, गर्द हिरव्या पानांचा आणि जवळजवळ बारमाही हिरवा राहणारा प्लुमेरिया ऑब्ट्युसा शेंगा क्वचितच देतो. हल्ली सोसायट्यांच्या फाटकांवर सर्रास लावला जाणारा, उलथन्याच्या आकाराच्या पानांचा आणि पांढऱ्या गुच्छांचा प्लुमेरिया पुडिका तर आपल्याकडे बियांच्या बाबतीत जवळजवळ निपुत्रिकच म्हणावा लागेल. आपले झाड या शेवटच्या दोहोंपैकी असेल, तर शेंगेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण परागीभवनात आहे आणि ते मोठे मजेदार आहे. चाफ्याच्या फुलात मध नसतो. सूर्य मावळल्यावर त्याचा गंध वाढतो, त्या गंधाच्या आशेने लांब सोंडेचे रात्रिंचर पतंग येतात, फुलामागून फूल धुंडाळतात आणि काहीही हाती न लागता परागकण मात्र इकडून तिकडे नेतात. थोडक्यात, चाफा पाहुण्याला आमंत्रण देतो आणि पाने न वाढताच उठवतो. फसवणूक लक्षात आलेला पतंग फार वेळ थांबत नाही, त्यामुळे शेकडो फुलांमागे एखादीच शेंग धरते. पुंकेसर आणि कुक्षी या दोन्ही फुलाच्या अरुंद नळीच्या तळाशी लपलेल्या असल्याने हाताने परागीभवन करणे अवघड असते. हौशी लोक मासेमारीचा बारीक नायलॉनचा दोरा नळीत घालून ते करतात, परंतु त्यात यश कमी आणि मान दुखणे जास्त, असा माझा अनुभव आहे. शेंगा असलेले जुने झाड शोधणे हाच सोपा मार्ग आहे.

शेंग कशी ओळखावी आणि केव्हा काढावी?

चाफ्याची शेंग बहुधा जोडीने येते. दोन लांबट शेंगा देठापाशी जोडलेल्या आणि विरुद्ध दिशांना पसरलेल्या असल्याने लांबून बैलाच्या शिंगांसारख्या दिसतात. त्या पिकायला साधारण आठ-नऊ महिने लागतात. आपल्याकडे जूनच्या आसपास धरलेली शेंग पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते, आणि सुदैवाने पेरणीला तोच काळ योग्य असतो.

घाई करून हिरवी शेंग तोडू नये, कारण झाडाबाहेर ती नीट पिकत नाही. तिचा रंग तपकिरी-काळसर होऊ लागला, साल सुरकुतली आणि एका बाजूची शिवण स्पष्ट दिसू लागली की तिच्यावर जुन्या मलमलीचा तुकडा किंवा पातळ कापडी पिशवी सैल बांधावी. हे न केल्यास काय होते ते मी पाहिले आहे. मार्चमधल्या एका दुपारी शेंग शिवणीवर उकलली होती. आत फिकट तपकिरी बिया पुस्तकाच्या पानांसारख्या एकीवर एक रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीला एका टोकाला कागदासारखा पातळ पंख होता. मी खाली कात्री आणायला गेलो आणि परत येईपर्यंत निम्म्या बिया वाऱ्याबरोबर शेजारच्या पत्र्यावर पोहोचल्या होत्या.

निघालेल्या बिया दोन-तीन दिवस सावलीत वाळवाव्यात आणि कागदी पाकिटात, वर तारीख व झाडाची खूण लिहून ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी येते. ताज्या बियांची उगवण सर्वांत चांगली असते आणि वर्षभरानंतर ती झपाट्याने घटत जाते, त्यामुळे साठवून ठेवण्यापेक्षा पेरून टाकणे किंवा वाटून टाकणे केव्हाही चांगले.

बी विकत घेतले तर चालेल का?

चालेल, मात्र विक्रेता बी केव्हाचे आहे ते सांगत असेल तरच घ्यावे. निळ्या, हिरव्या किंवा काळ्याभोर चाफ्याची रंगीत छायाचित्रे दाखवून बी विकले जात असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत, कारण खरा निळा चाफा अस्तित्वात नाही. माझ्या मामेबहिणीने मोठ्या हौसेने असे पाकीट मागवले होते आणि त्यात निघालेल्या बिया चाफ्याच्याच नव्हत्या. चाफ्याच्या बीला पंख असतो, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी अशी फसगत टळते.

पेरणी कोणत्या महिन्यात करावी?

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. बी उगवायला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान उत्तम असते आणि पावसाळा येईपर्यंत रोपाला पाय रोवायला दोन ते साडेतीन महिने मिळतात. जुलैमध्ये पेरलेले बीही उगवते, पण त्या दमट हवेत कोवळी रोपे सडण्याचे प्रमाण बरेच अधिक असते. डिसेंबर-जानेवारीत मुळीच पेरू नये.

कुंडीत कोणती माती घालावी?

बडोद्याच्या परिसरात कोठे गोराडू (वाळूमिश्रित, भुसभुशीत) तर कोठे काळी माती मिळते. गोराडू माती जमिनीत लावलेल्या मोठ्या झाडाला मानवते, पण बियांसाठी दोन्ही नकोत, आणि काळी माती तर नकोच नको, कारण ती पाणी धरून ठेवते आणि सुकल्यावर दगडासारखी आवळते. मी एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग जाडी रेती घेतो व त्यात मूठभर गांडूळ खत मिसळतो. बांधकामाच्या दुकानात मिळणारी बोडेलीची जाडी रेती या कामाला उत्तम आहे. मात्र ती चाळून, बारीक भुकटी टाकून देऊन आणि दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून तेही भिजवून पिळून घ्यावे. पर्लाइट (खडकापासून केलेले हलके पांढरे दाणे) मिळाल्यास रेतीऐवजी वापरता येते, त्यामुळे कुंडी हलकी राहते. मिश्रणाची परीक्षा सोपी आहे: ओले मिश्रण मुठीत दाबावे, आणि मूठ उघडल्यावर गोळा बोटाच्या स्पर्शाने विस्कटला तर ते योग्य आहे असे समजावे.

बी प्रत्यक्ष पेरायचे कसे?

आदल्या रात्री बिया कोमट पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी जाड टोकाकडे बोट लावून पाहिल्यास चांगले बी फुगलेले जाणवते, तर पोकळ बी चपटेच राहते. पाण्यावर तरंगणारे बी लगेच फेकू नये, कारण पंखामुळे चांगले बीही तरंगते.

तीन इंची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला चहाचा कागदी पेला यासाठी पुरेसा होतो, परंतु पेला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भिजून लिबलिबीत होतो हे ध्यानात घेऊन तो एखाद्या ट्रेमध्ये ठेवावा. मिश्रण ओले करून त्यात पेन्सिलीच्या टोकाने लहानसे भोक पाडावे आणि बीचे जाड टोक खाली, पंख वर, अशा रीतीने ते उभे किंवा किंचित तिरपे खोचावे. जाड भाग साधारण एक सेंटिमीटर मातीत जावा आणि पंखाचा बराचसा भाग बाहेर राहावा. मूळ जाड टोकाकडूनच निघते, त्यामुळे बी उलटे लावल्यास कोंबाला उगाच वळसा घ्यावा लागतो. बी आडवे ठेवून पूर्ण झाकले तरी कधीकधी उगवते, पण ओलीत दबलेला पंख कुजून बुरशीला निमंत्रण देतो.

त्यानंतर फवाऱ्याने हलके पाणी द्यावे, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवावे आणि वाट पाहावी. ताजे बी पाचव्या-सहाव्या दिवसापासून अंकुरू लागते आणि बहुतेक बिया वीस दिवसांच्या आत वर येतात. महिना उलटला तरी काहीच हालचाल नसेल, तर बोटाने माती बाजूला करून पाहावे. बी मऊ पडले असेल तर त्याची आशा सोडावी.

बीचे टरफल रोपाच्या डोक्यावर टोपीसारखे अडकून बसले आहे. ते काढावे का?

घाई करू नये. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाण्याचा एक-एक थेंब सोडावा, म्हणजे ते मऊ होऊन बहुधा आपोआप गळते. तरीही न गळल्यास ते ओले असतानाच चिमटीत धरून अलगद सोडवावे. कोरडे टरफल ओढल्यास आतली बीजपत्रे तुटतात, आणि बीजपत्रे गमावलेले रोप जगले तरी बरेच मागे पडते.

काल ताठ असलेले रोप आज जमिनीलगत पिचकून आडवे झाले. कारण काय?

हा रोपे कोलमडण्याचा रोग होय, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा आपल्या हातातल्या पाण्याच्या झारीत असते. मातीलगतच्या खोडावर बुरशी बसते, तो भाग पाणचट तपकिरी होतो आणि वरचे हिरवेगार रोप एका रात्रीत मान टाकते. त्यावर उपाय नाही, त्यामुळे ते रोप मातीसकट टाकून देऊन बाकीची वाचवावीत.

पहिल्या वर्षी माझी बावीस रोपे उगवली होती आणि ऑगस्टपर्यंत त्यांतली चार उरली. मी रोज सकाळी न चुकता पाणी देत होतो आणि त्या नियमितपणाचा मला अभिमानही होता. आता बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहतो, तेथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देत नाही. दिलेले पाणी खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत द्यावे, पण ताटलीत साचू देऊ नये. रोपांत चार बोटे अंतर ठेवावे म्हणजे मधून वारा खेळतो. मातीवर रेतीचा पातळ थर पसरल्यास खोडाजवळचा भाग कोरडा राहतो. नव्या मिश्रणासाठी जुन्या कुंड्या वापरायच्या असतील, तर त्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात तापवाव्यात.

रोपांना ऊन केव्हा आणि किती द्यावे?

चाफा हे उन्हाचेच झाड आहे, पण नवजात रोपाला मे महिन्यातल्या बडोद्याच्या अगाशीवर ठेवणे म्हणजे तव्यावर ठेवणे. बीजपत्रांनंतरची पहिली दोन खरी पाने आल्यावर सकाळचे तासभर ऊन द्यावे आणि आठवड्या-आठवड्याने ते वाढवत न्यावे. पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीची सावली ठेवावी. सिमेंटची फरशी खालूनही तापते, म्हणून कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवाव्यात. चार-पाच खरी पाने झाली की रोप मातीच्या गोळ्यासकट सहा इंची कुंडीत हलवावे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी जमतात आणि पाने फिकट ठिपक्यांची दिसू लागतात. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरकस फवारा दोन-तीन दिवसांआड मारल्यास बहुधा भागते.

पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसते. ती काय असते?

तो तांबेरा होय. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके आणि खालच्या बाजूला बोटाला लागणारी नारिंगी पूड, ही त्याची खूण आहे. झाड सहसा मरत नाही, पण पाने अकाली गळतात आणि लहान रोप अशक्त होते. बाधित पाने काढून पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत, ती घरच्या खताच्या डब्यात टाकू नयेत. पाणी पानांवर न देता मातीवर द्यावे. पाण्यात विरघळणारे गंधक फवारता येते, परंतु ते पस्तीस अंशांवरील उन्हात पाने भाजते, म्हणून ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी फवारावे. पहिल्या पावसाळ्यात रोपे छज्जाखाली ठेवणे हाच मुख्य बचाव आहे, कारण सलग चार दिवस पडणारा पाऊस सहा इंची कुंडीला झेपत नाही.

हिवाळ्यात पाने गळली, रोप मेले का?

खोड दाबून पाहावे. ते टणक असेल तर रोप झोपले आहे, आणि मऊ पडले असेल तर सडले आहे. बडोद्याची थंडी चाफ्याला मारण्याइतकी कडक नसते, पण दिवस लहान झाले की तो विश्रांती घेतो. मोठ्या झाडाचे पाणी या काळात जवळजवळ बंद करता येते. पहिल्या वर्षाच्या रोपाच्या बारीक खोडात मात्र पाण्याचा साठा कमी असतो, म्हणून त्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा थोडे पाणी द्यावे. काही रोपे पहिल्या हिवाळ्यात पाने गाळतच नाहीत, त्यांचीही काळजी करू नये.

याच सुमारास उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगोत्सव, येते हे बडोदेकरांना सांगणे नलगे. त्या दोन दिवसांत साऱ्या शहराचा मुक्काम अगाशीवर असतो, आणि मांजा सोडवताना मागे सरकणारा पाय खाली कुंडी आहे की नाही हे पाहत नाही. तेरा जानेवारीला संध्याकाळीच रोपे खाली आणून ठेवावीत.

खत कोणते द्यावे?

पहिले दोन महिने काहीच नको. त्यानंतर मार्च ते सप्टेंबर या वाढीच्या काळात महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत आणि चमचाभर निंबोळी पेंड पुरते. युरियासारखे केवळ नत्र देणारे खत टाळावे, कारण त्याने पाने माजतात, खोड लांबुळके आणि पिचके होते आणि फूल लांबणीवर पडते. हिवाळ्यात खत देऊ नये.

फूल किती वर्षांनी येते?

साधारणपणे तीन ते पाच वर्षांनी. क्वचित एखादे रोप दुसऱ्या वर्षीच फुलते, तर एखादे पाच वर्षांनंतरही ताटकळत ठेवते. पहिला फुलोरा येईपर्यंत रोप बहुधा एका काठीसारखे सरळ वाढते आणि शेंड्याला फुलोरा आल्यानंतरच तेथून फांद्या फुटतात, त्यामुळे ‘झाड काठीसारखेच का आहे’ म्हणून शेंडा छाटू नये. छाटल्यास फांद्या लवकर फुटतील, पण फूल आणखी पुढे जाईल. दिवसाला सहा तास ऊन आणि वर्षागणिक थोडी मोठी कुंडी, शेवटी बारा ते चौदा इंचांपर्यंत, एवढे सांभाळावे.

चाफा घरात लावणे अशुभ किंवा धोक्याचे असते का?

चाफा देवळात लावतात आणि दफनभूमीतही लावतात. ज्याला जे आठवते तसे तो शुभ-अशुभ ठरवतो. त्यामागे वनस्पतिशास्त्रीय कारण काहीच नाही. चीक मात्र खरोखर जपण्यासारखा आहे, कारण तो त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो. पाने तोडल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना किंवा पाळीव जनावरांना झाडाचा कोणताही भाग चघळू देऊ नये.

चार वर्षे वाट पाहून आलेले फूल अगदी साधे निघाले तर?

तशी शक्यता आहेच. माझ्या अगाशीवरच्या पहिल्या झाडाला पांढरी पाकळी आणि पिवळा गाभा असलेली, कोणत्याही देवळात दिसतील अशीच फुले आली आणि घरच्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. तरीही पहिल्या बहरावरून निकाल देऊ नये, कारण फुलाचा आकार, रंग आणि गंध स्थिर व्हायला दोन-तीन बहर जाऊ द्यावे लागतात. शिवाय रंगाची छटा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळी दिसते. त्यानंतरही समाधान झाले नाही, तर त्याच झाडावर आवडत्या जातीचे कलम बांधता येते. मार्च महिन्यात तितक्याच जाडीची, पाने काढलेली फांदी घ्यावी, तिचे टोक पाचरीसारखे तासावे, रोपाच्या खोडात तसाच खोबणीचा छेद घ्यावा, चीक ओल्या फडक्याने टिपून दोन्ही भाग साल साल जुळेल असे बसवावेत आणि कलमाच्या पट्टीने घट्ट गुंडाळावेत. महिनाभर सावलीत ठेवावे, कलमाच्या जोडावर पाणी पडू देऊ नये आणि नवी पाने चांगली फुटेपर्यंत पट्टी सोडू नये.